येडीचं रीळ

पिक्चरचं नाव मी सांगणार नाही. आधीच सांगून ठेवतो, मागाहून रुसवेफुगवे नकोत. नाव सांगितलं की उद्या सकाळी देशभरातले अर्धे फिल्मवेडे गाड्या काढून आमच्या यवतमाळ जिल्ह्यात उतरतील आणि एका म्हातारीचं जगणं हराम करतील. मी त्या सगळ्यांना ओळखतो. मीही त्यांच्यातलाच आहे.

वणीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार, कूलर, पिठाची गिरणी, जे जळालं असेल ते आणा. अंगाला कायम वार्निशचा वास आणि तोंड फटकळ. काम चोख असतं म्हणून गिऱ्हाईक दोन्ही सहन करतं. एकदा एक टूरिंग टॉकीजवाला, म्हणजे जत्रेत तंबू ठोकून पिक्चर दाखवणारा माणूस, आपला प्रोजेक्टर दुरुस्तीला टाकून गेला. मी मोटार नवी भरून ठेवली, लय वाट पाहिली, पण गडी परत आलाच नाही. धंदाच बसला होता बिचाऱ्याचा. प्रोजेक्टरसोबत एक पत्र्याचा डबा होता आणि डब्यात एका जुन्या काळ्यापांढऱ्या पिक्चरचं तिसरं रीळ. फक्त तिसरं!

प्रोजेक्टर चालतो का हे पाहायला म्हणून मी ते रीळ दुकानातल्या भिंतीवर लावलं आणि तिथंच फसलो. कापसाचं जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, हवेत रुई उडून राहिलेली, आणि त्या रुईच्या डोंगरावर एका माणसाची लांबच लांब सावली सरकते आहे. खून झालेला आहे. कोणाचा, ते माहीत नाही, कारण ते पहिल्या रिळात. कोणी केला, ते माहीत नाही, कारण ते चौथ्या रिळात. आणि माझं तिसरं रीळ संपतं कुठं? तर जिनिंगचा चौकीदार थरथरत सांगतो, "फाटक पे एक औरत खड़ी थी साहब, उसने देखा है," आणि खटकन पांढरी भिंत. सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल!

पहिली दोन रिळं राळेगावच्या एका रिटायर मास्तरकडे निघाली. तो शेतातली मोटार घेऊन दुकानात आला होता. फळीवरचा डबा पाहिला आणि मोटारीचं नावच विसरला. यवतमाळच्या एका भंगारवाल्याकडून त्यानं ती रिळं उचलली होती. माझ्यासारखंच त्यालाही या पिक्चरनं पछाडलं होतं, फक्त दुसऱ्या टोकाकडून. त्या दिवशी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून आम्ही तीन रिळं सलग पाहिली. मास्तर मध्येच उठून उभा राहायचा, "हे पाह्य, हे पाह्य!" करत भिंतीला हात लावायचा. तेव्हापासून आमची जोडी जमली. जोडी म्हणजे भांडणाची. ही तीन रिळं आम्ही किती वेळा पाहिली असतील आणि प्रत्येक वेळी एकमेकांवर किती ओरडलो असू, ते माझ्या बायकोला विचारा. ती म्हणते, "मुडदा त्या जिनिंगवाल्या शेठचा पडला आन् शांती आमच्या घरातली गेली."

लोक विचारतात, त्या पिक्चरमध्ये असं आहे तरी काय? मोठा नट नाही. गाणं एकच, तेही बेसूर. चाललं नाही, काढणारी कंपनी बुडाली, कोणी नाव काढलं नाही. पण बापा, एकदा बघा तरी! जिनिंगचा मालक रुईच्या ढिगात मेलेला सापडतो, पांढऱ्या ढिगातून फक्त एक हात वर आलेला. आमची ती छोटी रेल्वे, आता बंद पडलेली, धूर सोडत येते आणि त्यातून एक इन्स्पेक्टर उतरतो. संशय मुनीमवर, शेठच्या धाकट्या भावावर आणि गावातल्या डॉक्टरवर. पैसा नव्हता म्हणून सेट नाही लावला, सगळं खऱ्या जिनिंगात, खऱ्या माणसांत, आमच्याच जिल्ह्यात काढलं. शंभर दिव्यांनी जे जमत नाही ते त्या कॅमेरावाल्यानं एका कंदिलावर केलं आहे. म्हणून तर कोलकात्यापासून दुबईपर्यंतचे रिळं जमवणारे या पिक्चरसाठी जीव टाकतात. जे कोणाकडेच पूर्ण नाही त्याची भूक वेगळीच असते.

एकच गोष्ट आम्हाला हास्यास्पद वाटायची. तो इन्स्पेक्टर तिन्ही रिळांत लांब ओव्हरकोट घालून हिंडतो. आमच्या उन्हात! कापसाच्या गंजीशेजारी! मी आणि मास्तर दरवेळी तिथं पोट धरून हसायचो. "डायरेक्टर मुंबईचा असन," मास्तर म्हणायचा, "त्याले काय माहीत यवतमाळचं ऊन."

आता चौथं रीळ. टूरिंग टॉकीजवाला प्रोजेक्टर टाकून जाताना दारातून एवढंच बोलला होता, "शेवटचं येडीचं रीळ उमरखेडकडं राह्यलं, भौ." माझा ग्राइंडर चालू होता. मी मान हलवली आणि कामाला लागलो. पण पुढं त्या एका वाक्यावर आम्ही काय इमारत बांधली, विचारू नका. येडीचं रीळ, म्हणजे शेवटच्या रिळात एक येडी बाई आहे. फाटकाशी उभी असलेली ती औरत म्हणजे हीच येडी. मास्तरचं म्हणणं, तिनं फक्त पाहिलं नाही, खूनही तिनंच केला. आमच्या फिल्मवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यानं यावर एवढा लांब मेसेज टाकला की वाचता वाचता मोबाईल गरम झाला. पुण्याच्या एकानं त्याच्यापुढं जाऊन वेडेपण आणि भांडवलदार असं काहीतरी लिहिलं. मी एकटा मुनीमच्या बाजूनं लढत होतो. न पाहिलेल्या बाईवर एवढं भांडण कुठंच झालं नसेल.

आणि मग माझ्या डब्यातून आंबट वास यायला लागला. पहिल्यांदा बायकोला आला. "लोणचं नासलं का काय हो?" म्हणत तिनं बरण्या हुंगल्या. वास बरणीचा नव्हता, रिळाचा होता. चायनीजच्या गाडीवर शिरक्याचा येतो ना, तसाच. जुनी फिल्म मरायला लागली की असा वास सोडते, मग आखडते, मग चिकटते, मग गेली. माझं रीळ आंबत होतं, म्हणजे चौथं रीळ जिथं कुठं असेल तिथं तेही आंबत असणार. आता नाही मिळालं तर कधीच नाही. मी मास्तरला फोन लावला आणि म्हणालो, "गुरुजी, निघा."

ग्रुपवर एकानं उमरखेडच्या एका भंगाराच्या दुकानात रिळांचे डबे पाहिले होते, म्हणून आम्ही तिकडे गेलो. डबे निघाले कुटुंब नियोजनाच्या सरकारी प्रचाराचे. मास्तर रिकाम्या हातानं बाहेर आला आणि त्यानं सगळा राग माझ्यावर काढला. मी काय कमी आहे? पुसदच्या एसटीत बसेपर्यंत आमचं जुंपलं होतं.

बस भरलेली, आम्ही दोघं कंडक्टरच्या सीटच्या मागं. कंडक्टर बाई होती, तिशीतली, उंच, आवाज खणखणीत. ती तिकिटं फाडत उभी आणि मास्तर आपला बोटं नाचवत तावातावानं चालू. "तुम्ही काहीही म्हणा, सगळा घोळ येडीनंच केला आहे. तिचं डोकंच ठिकाणावर नाही."

"बस्स का आता!" मी ओरडलो. "येडी आहे म्हणून सगळं तिच्यावरच ढकलाल काय?"

कंडक्टर बाई गर्रकन वळली. "ओ काका, कोणाले येडी म्हणून राह्यले? मी मघापासून आयकून राह्यली, येडी, येडी, येडी. उतरवू काय दोघायले इथंच?"

मी हात जोडले आणि म्हणालो, "बाई, तुमाले नाही हो. एका पिक्चरातली येडी आहे." तिला खरं वाटेना. मग मी सगळंच सांगितलं. जिनिंग, खून, टूरिंग टॉकीज, उमरखेडकडं राहिलेलं येडीचं रीळ. आजूबाजूची सीटं कान लावून ऐकत होती. ती पहिल्यांदा कपाळाला आठ्या घालून ऐकत होती, मग तिच्या आठ्या गेल्या, आणि मग ती अशी हसायला लागली की तिकिटाचं मशीन पोटाशी धरून खाली बसली.

"काका, येडी नाही हो. याडी! याडी!"

"म्हणजे?"

"आमी बंजारा. आमच्या गोरबोलीत मायले याडी म्हणतो. आमच्या घरी तुरीच्या कोठीत एक डबा हाय. दादी त्याले याडीचं रीळ म्हणते. तिची माय हाय त्या पिक्चरात."

मी भरल्या बसमध्ये केवढ्यानं ओरडलो, मलाच माहीत नाही. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, मागच्या बाईची पिशवी माझ्या डोक्यावर आली, टमाटे घरंगळले. मास्तरनं माझा दंड धरला आणि सोडेचना. एवढी वर्षं आमच्या दोघांच्या, पुण्याच्या आणि दुबईच्याही अकलेचं खोबरं झालं होतं. तिथं येडी नव्हतीच. तिथं कोणाची तरी माय होती!

कंडक्टर बाईच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही त्यांच्या तांड्यावर, बंजारा वस्तीवर गेलो. पुसदच्या पुढं, उमरखेडच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत, आजूबाजूला तूर आणि कपाशी. नात, म्हणजे ती कंडक्टर बाई, आम्हाला घ्यायला फाट्यावर आली होती, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, खाकीशिवाय लहान दिसत होती. दादी ओट्यावर बसलेली. पातळ, वाळकी, पण नजर अशी की आपण आपोआप चपला काढतो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला.

तिनं जे सांगितलं ते असं. तिची याडी लग्नाआधी जिनिंगात रुई भरायला जात होती. तिथं पिक्चरवाले आले. त्यांना फाटकाशी उभी करायला एक लमाण पोरगी पाहिजे होती, त्यांनी याडीला उभं केलं. पुढं याडीचं लग्न झालं, ही झाली. दरसाल जत्रेत तो तंबू लागायचा आणि अख्खा तांडा शेवटचं रीळ पाहायला जायचा. याडी दिसली की सगळे ओरडायचे, "याडी! याडी!" खरं तर ती एकट्या हिचीच याडी, पण हिच्या तोंडून ऐकून सगळ्यांनी तेच नाव धरलं. टॉकीजवाल्यानंही.

"आन् तुमाले कशी दिसली?" मास्तरनं विचारलं.

"मी कुठं पाह्यली बापू? मी लहान. याडीच्या मांडीवर निजून जाय. लोक ओरडले की जागी होय, तवर याडी गेलेली. दरसाली असंच. ती म्हणे, पुढल्या साली जागी राह्य." म्हातारीनं पदर सारखा केला. "मग याडीच गेली. तापात. मी एवढी होती." तिनं हातानं ओट्याची उंची दाखवली. "तंबूबी मंग आमच्या जत्रेले आला नाही. तिचा एक फोटू नाही. तोंड आठवत नाही मले. लय मोठी बाई होती, एवढंच आठवते."

पुढं बऱ्याच वर्षांनी टॉकीज बंद पडली तेव्हा टॉकीजवाल्यानं हे रीळ तिच्या बापाला देऊन टाकलं होतं. तुमची याडी तुमच्याकडं राहू द्या म्हणून. तेव्हापासून डबा तुरीत, कडुलिंबाच्या पाल्यात. दाखवणारी मशीन कोणाकडं? डबा जपला, पण माय काही दिसली नाही.

डबा उघडला. वास नाकात घुसला. फिल्म आखडली होती, कडा लाटेसारख्या वर आलेल्या, जागोजागी जुने जोड. असं रीळ मशीनवर चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. मी खोटं नाही बोललो. "मावशी, हे एकदाच चालन. चाललं तं चाललं. दुसऱ्यांदा लावलं तं तुटन. मुंबईले न्यायचं का? तिथं मोठ्या मशिनीवर..."

"रीळ घराबाहेर जाणार नाही," ती म्हणाली. "तुमी मशीन इथं आणा."

मास्तरनं खिशातून भिंग काढलं. उजेडात धरून एकेक चित्र पाहता येतं, सगळ्या फिल्मवाल्यांना माहीत आहे. मी त्याच्या हातावर चापट मारली. म्हणालो, खुनाचं पिक्चर आहे, शेवटचं पान आधी वाचायला हात शिवशिवतो काय? पण दादीनं त्याहून बरं कारण सांगितलं. "तुकड्यात नाही पाह्यचं मले तिले. चालताना पाह्यचं हाय. एकदा तं एकदा."

आता माझ्या जिवाला घोर लागला. खुनी कोण हे मला पाहायचं होतंच, त्यासाठीच मी आंबून गेलो होतो; तांड्यातल्या जुन्या माणसांना याडीपलीकडचं काही आठवत नव्हतं. पण आता त्या एका फेरीत एका बाईची माय होती. मी वणीला येऊन दुकान बंद ठेवलं. गिऱ्हाईक शिव्या देऊन गेलं. फिल्म आखडली की तिची भोकं मशीनच्या दात्यांवर बसत नाहीत, ओढ बसते आणि फाटते. म्हणून मी प्रोजेक्टरचे दाते कानशीनं घासून बारीक केले. थोडं घासायचं, माझंच तिसरं रीळ लावून पाहायचं, परत घासायचं. माझं रीळ त्यात दोनदा तुटलं. तुटू दे, म्हटलं. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "माझं मिक्सर कधी एवढ्या मायेनं केलं नाही." मी म्हटलं, "तुझ्या मिक्सरात कोणाची माय नाही." ती हसली, पण संध्याकाळी म्हणाली की मीही येते.

खेळ तांड्यावर भरदुपारी ठेवला, कारण आमच्याकडं त्या वेळी लाइन असते. तुरीच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. भिंतीवर नातीच्या लग्नात आलेली पांढरी चादर ठोकली. वर टिनपत्रा तापलेला, खाली अख्खा तांडा दाटीवाटीनं. मी स्टॅबिलायझर सोबत आणला होता. विजेवर विश्वास ठेवणारा मोटारवाला मी अजून पाहिलेला नाही. दादी सगळ्यात पुढं, पोत्यावर, ताठ बसलेली. नातीनं शूटिंगसाठी मोबाईल धरला. माझी बायको दादीच्या बाजूला. मास्तर माझ्या खांद्याला खांदा लावून उभा, घामानं निथळत.

सुरू केलं. फिल्म कडकड करत दात्यांवर चढली आणि, आहाहा, चालली! चादरीवर जिनिंगचं फाटक उभं राहिलं. आवाज खरखर करत होता पण कळत होता. इन्स्पेक्टरचा आवाज. बायकांना बोलवा. रुईची गाठोडी घेतलेल्या बायकांची रांग आली. मास्तरचा श्वास माझ्या कानात. मग रांगेतून एक जण पुढं आली. फेटिया, म्हणजे बंजारी घागरा घातलेली, कोपरापर्यंत पांढऱ्या बलियांच्या बांगड्या, आणि वय काय, असेल सोळा-सतरा. तिला ॲक्टिंग येत नव्हती हे उघडच होतं. ती हसू दाबत होती. मागून दोन-तीन म्हाताऱ्या एकदम ओरडल्या, "याडी! याडी!"

आडून तोच आवाज आला, "बताओ, किसे देखा था?"

पोरीनं हात उचलायला सुरुवात केली.

"कुठं?" दादीचा आवाज. "कुठं हाय याडी? ते गाठोडंवाली का? ते मोठी?"

नात म्हणाली, "दादी, ते नाही! ते पोरगी! हात वर करून राह्यली ते!"

"कोणती पोरगी? ते तं लहान हाय. माही याडी मोठी होती..."

ती मोठ्या बाईला शोधत होती. लेकराला माय मोठीच दिसते. तीच मोठी बाई ती चादरभर हुडकत होती आणि तिची माय, तिच्या नातीपेक्षा अर्ध्या वयाची पोर, डोळ्यांपुढून निघून चालली होती.

आता मी काय सांगू. पुढचं चित्र खुन्याचं होतं. एक क्षण! फक्त एक क्षण, आणि ती पोरगी बोट दाखवणार, आणि माझी, मास्तरची, सगळ्या जगातल्या फिल्मवेड्यांची तहान भागणार. रीळ परत फिरवलं तर ते तुटणार, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

मी बटण दाबलं. दिवा विझला.

"काय केलं बे!" मास्तर किंचाळला. मास्तर, ज्यानं आयुष्यात कोणाला बे म्हटलं नाही. "चालू कर! चालू कर!"

"गप!" मी म्हणालो. "तिनं पाह्यली नाही."

नातीनं मोबाईल दादीपुढं धरला, "हे पाह्य, यात आलं." दादीनं हात बाजूला केला. "त्यात मले दिसत नाही. चादरीवर दाखव."

मी रीळ हातानं उलटं फिरवलं, फुंकर मारावी एवढ्या हळू. माझी बायको दादीच्या कानाशी वाकली आणि तिला हळूहळू सांगत राहिली. मावशी, मोठी बाई नका शोधू. तुमच्या नातीपेक्षा लहान पोरगी शोधा. हसते ती. पुढं येते. तीच.

दिवा लागला. फाटक, बायका, रांग. पोरगी पुढं आली. या वेळी कोणी ओरडलं नाही, खोलीत नुसता मशीनचा आवाज. तिचं चालणं पाहिलं मी, एका पायावर जरा झोक देऊन चालत होती. दादीच्या तोंडून एवढंच निघालं, "एवढीशी? एवढीशी होती?"

"बताओ, किसे देखा था?"

पोरीनं हात उचलला. बलिया खाली घसरल्या. मुनीम डावीकडं उभा होता, डॉक्टर उजवीकडं, भाऊ मागं. मी आणि मास्तर तिघांकडं पाहत होतो. तिनं तिघांकडंही बोट केलं नाही. तिनं हात सरळ पुढं धरला, चादरीतून बाहेर, थेट आमच्याकडं, आणि हसू विसरून डोळे रोखून पाहिलं.

कट्ट. जुना जोड सुटला, फिल्म दात्यांत अडकली आणि फाटत गेली. मी झडप घालून मोटार बंद केली. चादर पांढरी पडली.

"गेलं," मास्तर म्हणाला. "खुनी राह्यलाच." तो रडायच्या बेताला आला होता. आणि मला मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. मी त्याचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

"गुरुजी! प्रश्न कोण विचारून राह्यला होता? तिच्या समोर कोण उभा होता?"

मास्तर एवढ्या मोठ्यानं ओरडला की टिनपत्रा वाजला. "ओव्हरकोट!"

ओव्हरकोट! एवढ्या उन्हात ओव्हरकोट! आत रक्ताचा सदरा असणार! खून करून गेला आणि कोट चढवून गाडीतून तपासाला परत आला! आम्ही इतकी वर्षं हसत होतो त्या कोटाला! आम्ही दोघं म्हातारे तुरीच्या पोत्यांमध्ये एकमेकांना मिठ्या मारून नाचत होतो आणि लोक आम्हाला जागा करून देत होते. पुढं ओट्यावर उन्हात भिंग लावून खात्रीही केली. फाटलेल्या जागेच्या लगेच पुढं इन्स्पेक्टरचाच चेहरा होता, घामानं डबडबलेला. त्या डायरेक्टरला आमचं ऊन चांगलं माहीत होतं.

पण ते नंतर. त्या वेळी माझ्या बायकोनं मला मागून ओढलं, "अहो, गप बसा जरा," म्हणून. मी वळलो.

दादी पोत्यावरून उठून उभी राहिली होती. रिकाम्या पांढऱ्या चादरीपुढं. तिचा हात अजून अर्धा वर होता, शाळेत हजेरीला लेकरू करतं तसा. रीळ फाटलं म्हणून मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. तिनं नातीचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाह्यलं नं? बोट करून पाह्यलं तिनं मले. या खेपेले मी जागी होती."